लाईटसकट भाडं

अमेरिकेत तीस वर्षं काढूनही कांचनकाकूंना धड शेजार असा मिळालाच नव्हता. निवृत्तीनंतर तो मिळाला तो एकदम चोवीस घरांचा, आणि त्या सगळ्या घरांना चाकं होती.

अॅरिझोनातल्या चँडलर शहरातलं त्यांचं घर वाईट नव्हतं. पण तिथे सकाळी गॅरेजचं दार वर जायचं, गाडी बाहेर पडायची, दार खाली यायचं, आणि संध्याकाळी हेच उलट. समोरच्या घरातल्या माणसाचं तोंड काकूंनी अकरा वर्षांत दोनदा पाहिलं, त्यातलं एकदा आगीचा बंब आला होता म्हणून. नवरा, चंद्रशेखर मोहरील, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. तो घरी आला की बोलायला थकलेला. मुलगी सावनी शाळेत गेली आणि इंग्रजीत परत आली. उरलं मंडळाचं गणपतीचं जेवण आणि दिवाळीचा फराळ. वर्षातून दोन दिवस तोंडभर बोलायचं आणि मग पुन्हा फ्रीजशी संवाद.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे बदलून घेतात, नातवंडांना शाळेत सोडतात, फार तर गॉल्फ शिकतात. शेखरकाकांनी आरव्ही पार्क विकत घेतला. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, ज्यात शेगडी, पलंग, संडास सगळं आत असतं. असं घर आणून उभं करायला एक सिमेंटचा चौथरा, पाण्याचा नळ, सांडपाण्याचा पाईप आणि विजेचा प्लग असलेला एक खांब भाड्याने देतात, अशा जागेला आरव्ही पार्क म्हणायचं. हा पार्क चँडलरच्या दक्षिणेला तासाभरावर होता, नाव ‘लेझी क्वेल’, आणि चारी बाजूंना कापसाची शेतं. अकोल्याहून निघून अर्धी पृथ्वी ओलांडली आणि शेवटी पुन्हा कापसातच येऊन पडलो, म्हणून पहिल्या दिवशी काकू खूप रडल्या.

ते रडणं आठवडाभर टिकलं. आठव्या दिवशी लोरेटा नावाची एक किरकोळ अंगाची, पांढऱ्या केसांची बाई दारात आली आणि ‘तुमच्याकडे फोडणीचा फार छान वास येतो, काय करता?’ असं विचारून स्वयंपाकघरातच बसली. तीस वर्षं ज्या फोडणीसाठी खिडक्या बंद करायला लागायच्या, तिचा वास घ्यायला माणूस स्वतःहून आला होता. काकूंचा निकाल तिथेच लागला. लोरेटा एका गावातल्या शाळेत स्वयंपाकीण होती. नवरा गेल्यावर घर विकून तिने जुना ट्रेलर घेतला होता आणि तो, ती आणि एक मांजर असा तिचा संसार होता. तिच्यामागून वेंडल आला, निवृत्त ट्रकड्रायव्हर, पोटाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. हिवाळ्यात बर्फाला कंटाळलेली कॅनडाची जोडपी येऊन उरलेल्या जागा भरायची. वर्षभरात काकूंना कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे, कोणाचा मुलगा फोन करत नाही आणि कोणाला कांदा चालत नाही हे सगळं पाठ झालं. पार्कवर सगळे त्यांना ‘बॉस’ म्हणायचे. काकांना कोणी बॉस म्हणत नसे, आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती.

काकांची हरकत एकाच गोष्टीला होती. लाईटचा हिशोब करायला.

याचं मूळ नागपुरात. कॉलेजात असताना काका महाल भागातल्या एका खोलीत भाड्याने राहायचे. घरमालक पक्का होता. रात्री साडेनऊ झाले की तो वर यायचा, खोल्यांचा फ्यूज काढायचा आणि खिशात घालून झोपायला जायचा. वीज जळू नये म्हणून. काकांनी शेवटच्या वर्षाचा निम्मा अभ्यास रेल्वे स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये, दुसऱ्यांच्या ट्रंकांवर बसून केला. तेव्हा त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली, की उद्या आपण घरमालक झालो तर भाडेकरूकडून लाईटचा एक पैसा घेणार नाही. माणूस तरुणपणी अशा शपथा घेतो, कारण आपण घरमालक होऊ असं त्याला कुठे वाटत असतं? काका मात्र झाले, आणि पार्कच्या फाटकावर त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: वीज, पाणी, सगळं भाड्यात. महिना पाचशे साठ डॉलर, लाईटसकट.

आणि फुकटाची गोष्ट कशी असते ते काय सांगायचं. फुकट ते पौष्टिक.

अॅरिझोनाचं वाळवंट म्हणजे बारा महिने भट्टी असं ज्यांना वाटतं ते जानेवारीत इथे राहिलेले नाहीत. दिवसा ऊन छान, पण सूर्य गेला की हाडं वाजतात. प्रत्येक आरव्हीत गॅसवर चालणारी फर्नेस असते. ती गरम हवा सोडते आणि घर झकास तापतं. पण गॅसचं सिलिंडर स्वतःच्या पैशाने भरून आणावं लागतं, आणि खांबावरची वीज तर शेखरकाकांची. मग कोण कशाला गॅस जाळतो? प्रत्येकाने बाजारातून दोन-दोन, तीन-तीन विजेचे हीटर आणले. ते दिवसरात्र चालायचे. आत फार उकडलं तर हीटर बंद करायचा नाही, खिडकी उघडायची. काकू सकाळी फेरी मारायच्या तेव्हा उघड्या खिडक्यांतून गरम हवेचे झोत अंगावर यायचे. आपण हिवाळ्यात सगळं कापसाचं शेत तापवतोय हे त्यांना कळत होतं.

पूर्वी चाललं ते वीज स्वस्त होती म्हणून. दर वाढत गेले, हीटर वाढत गेले, आणि त्या डिसेंबरात बिल आलं ते चार हजारांच्या वर. सगळ्या पार्कला मीटर एकच, त्यामुळे कोण किती जाळतो ते कंपनीलाही ठाऊक नव्हतं. वर बँकेचा हप्ता, विमा, टॅक्स. नाताळच्या सुट्टीत सावनी आली, लॅपटॉप उघडून बसली आणि तासाभराने तिने चष्मा काढला.

“बाबा, धिस इज नॉट वर्किंग. तुम्ही दर महिन्याला रिटायरमेंटमधून पैसे घालताय. आईला सांगितलंय का?”

काकांनी आईला सांगितलं नव्हतं. आईला ते ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

“मग मीटर लावा ना प्रत्येकाला,” सावनी म्हणाली. “एव्हरीबडी डज इट.”

“मी लाईट मोजणार नाही,” काका म्हणाले. “भाडं वाढवीन हवं तर.”

“भाडं वाढवलंत तर लोरेटासारखी बाई कुठून देईल?” काकू म्हणाल्या.

सावनीकडे आणखी एक पर्याय होता. भाड्याच्या गोदामांची एक कंपनी जागा शोधत होती, म्हणजे लोकांना घरात नको असलेले सोफे आणि सायकली ठेवायची ती पत्र्याची खुराडी. त्यांनी चांगली रक्कम देऊ केली होती. मार्चअखेरपर्यंत हो की नाही सांगायचं. आईबाबांनी चँडलरला आपल्या घरी येऊन राहावं, मागची खोली तयार आहे, असं सावनीने फार प्रेमाने सांगितलं. पोरीचं काहीच चुकत नव्हतं. काका ‘बघू’ म्हणाले, आणि काकांचं ‘बघू’ म्हणजे नव्वद टक्के ‘हो’ हे काकूंना लग्नापासून माहीत होतं.

काकू दारात जाऊन रांगेतल्या गाड्यांकडे बघू लागल्या. माणसं हलवायची आणि त्यांच्या जागी सोफे ठेवायचे. आणि आपण? पुन्हा ते गॅरेजचं दार. वर, खाली, वर, खाली. कोणी फोडणीचा वास घेत येणार नाही. त्यांनी कोणालाही काही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्या पार्क वाचवायच्या मागे लागल्या. नवऱ्याची शपथ मोडायची नाही, कोणाकडे पैसे मागायचे नाहीत आणि हीटर तर बंद झाले पाहिजेत. असा पेच पुरुषांना पडला तर ते समिती नेमतात. काकूंनी कॅलेंडर पाहिलं. संक्रांत पंधरा दिवसांवर होती.

पार्कवर दर संक्रांतीला काकूंचं हळदीकुंकू व्हायचं. पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं होतं, की इथल्या निम्म्या बायकांचे नवरे गेलेले आहेत. त्यांनी क्षणभरही विचार न करता सगळ्यांना सरसकट कुंकू लावलं. अकोल्याच्या त्यांच्या एका चुलतसासूला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, असं नसतं करायचं. काकू म्हणाल्या, इथे असंच असतं. पुरुषांना हळदीकुंकवाला बोलावत नाहीत हे वेंडलला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी खायला आहे म्हटल्यावर तो आलाच असता. तर सगळे यायचे, कपाळाला लावून घ्यायचे, तिळाचे लाडू खायचे आणि वाण घेऊन जायचे. वाण म्हणजे त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकीला द्यायची छोटीशी भेट. सगळ्यांना सारखी द्यायची, आणि ती कोणी नाकारत नाही. एका वर्षी स्टीलच्या वाट्या होत्या, एका वर्षी गाळणी.

या वर्षी खोकं आलं ते काकांनी उघडलं. आत मुठीएवढी पांढरी यंत्रं होती. भिंतीच्या प्लगात हे यंत्र लावायचं आणि हीटरची पिन यंत्रात. मग त्याच्या छोट्या पडद्यावर आकडा दिसतो, किती वीज गेली आणि तिचे डॉलर किती झाले.

“हे वाण आहे?” काकांनी विचारलं.

“मग काय आहे?”

“हे मीटर आहे, कांचन.”

“अहो, वाणात काय द्यायचं ते कुठल्या पोथीत लिहिलंय? मी कोणाकडे एक सेंट मागणार आहे का? लुटतेय उलट.”

इंजिनिअरला वाणात चूक काढता येईना. काकूंनी दुपारभर बसून प्रत्येक यंत्रात विजेचा दर भरला, वर हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि सगळी यंत्रं लाल कागदात गुंडाळली.

क्लबहाऊस म्हणजे एक लांबट खोली, त्यात कॉफीचं मशीन आणि पत्ते. तिथे सगळे जमले. काकूंनी तिळगूळ वाटला, गोड बोला म्हणून सांगितलं, आणि पुड्या उघडल्यावर कसं लावायचं तेही सांगितलं. यांत्रिक खेळणं मिळालं म्हणून म्हातारी माणसं पोरांसारखी खूश झाली. वेंडल लाडू तोंडात असतानाच उठून आपल्या गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी कॉफीला तो जरा गप्प होता.

“बॉस,” तो म्हणाला, “माझा एक हीटर एका दिवसात चार डॉलर खातो. माझ्याकडे तीन आहेत.”

“असं?” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला आणखी एक लाडू वाढला.

वेंडलने सिलिंडर भरून आणलं. नवधर्मांतरिताचा उत्साह असतो ना, तसला त्याला चढला. क्लबहाऊसच्या पांढऱ्या बोर्डावर त्याने सगळ्यांची नावं लिहिली आणि रोज सकाळी प्रत्येकाचा आकडा विचारून समोर मांडू लागला. सगळ्यात जास्त जाळणाऱ्याचं नाव वर, सगळ्यात कमी जाळणाऱ्याचं खाली. हसणं-खिदळणं सुरू झालं, पैजा लागल्या. कॅनडाच्या एका जोडप्याने एका आठवड्यात अकराव्या नंबरावरून विसाव्यावर उतरून दाखवलं आणि अॅपल पाय भाजून सगळ्यांना खाऊ घातला. खिडक्या बंद झाल्या. जानेवारीचं बिल हजारभराने उतरलं. काकूंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ते बिल काकांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि वरणावर तूप वाढलं.

पण लोरेटा दोन दिवस कॉफीला आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू थालीपीठ घेऊन तिच्याकडे गेल्या. दार उघडलं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार लागली. लोरेटा कोट, लोकरीची टोपी आणि हातमोजे घालून टेबलाशी बसली होती. मांजर तिच्या कोटाच्या आत होतं, नुसतं डोकं बाहेर. तिन्ही हीटर एका रांगेत भिंतीशी उभे होते आणि तिघांच्याही पिना काढलेल्या होत्या. ओठ निळसर झाले होते, तरी चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं हसू होतं.

“कांचन, वेंडलने काल फोनवर सांगितलं, मी बोर्डावर सगळ्यात खाली आहे,” ती म्हणाली. “पहिला आठवडा रोज सगळ्यात वर होते. फार लाज वाटायची.”

काकूंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. केवढं शहाणपण केलं आपण, केवढी चतुराई. सगळ्यांना सारखं वाण दिलं, आणि ज्यांच्या अंगावर चरबी होती त्यांना खेळ झाला, जिच्या अंगावर नव्हती ती गारठून बसली. त्यांनी तिन्ही पिना खुपसल्या, ते पांढरं यंत्र काढून आपल्या खिशात टाकलं, लोरेटाचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले आणि थालीपीठाचा पहिला घास स्वतःच्या हाताने तिला भरवला. मग त्या तडक क्लबहाऊसमध्ये गेल्या आणि बोर्ड बाहीनेच पुसून टाकला. वेंडल पेपर वाचत बसला होता. काय झालं ते काकूंनी त्याला सांगितलं. त्याने पेपरची घडी घातली आणि बॅटरी शोधायला उठला.

काका लोरेटाकडे आले. हातात हत्यारांची पिशवी होती, कारण माणसाशी काय बोलावं कळलं नाही की ते ती घेऊन यायचे.

“तुझी फर्नेस का लावत नाहीस?” त्यांनी लोरेटाला विचारलं.

“बंद आहे. दोन हिवाळे झाले.”

“दोन? आणि मला सांगितलं नाहीस?”

लोरेटाने मांजराच्या डोक्यावरून हात फिरवला. “शेखर, तू आम्हाला वीज फुकट देतोस. फुकट घेणाऱ्याने आणखी काय काय मागायचं? हीटर चालत होते, म्हटलं चाललंय ते चालू दे.”

काका बाहेर गेले, ट्रेलरच्या अंगाशी गुडघ्यांवर बसले आणि फर्नेसचं बाहेरचं झाकण उघडलं. वेंडल न बोलावता आला आणि बॅटरी धरून उभा राहिला. जन्मभर चिप बनवलेल्या माणसाने दुपारपर्यंत एकेक वायर तपासली. सगळ्या ठीक होत्या. शेवटी त्यांनी हवेच्या नळीत बोट घातलं आणि मातीचं एक ढेकूळ बाहेर आलं. कुंभारीण माशीचं घर. गॅसचा वास या माश्यांना आवडतो म्हणे, नळी मोकळी दिसली की त्या आत चिखलाच्या खोल्या बांधतात. नळी साफ केली, फर्नेस धडधडली आणि चालू झाली. ना पार्ट लागला, ना पैसा. मूठभर मातीपायी एक म्हातारी दोन वर्षं हीटरांच्या भरवशावर काढत होती, आणि मालकाला पत्ता नव्हता.

जेवताना काकांनी पोळीचा तुकडा हातातच धरून ठेवला.

“त्या नागपूरच्या घरमालकाला मी जन्मभर शिव्या दिल्या,” ते म्हणाले. “पण तो रोज वर तरी यायचा, गं. फ्यूज काढायला का होईना. मला कावीळ झाली ती पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आली. डोळे पिवळे दिसताहेत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मुळ्याचा रस पाठवला. आणि मी? भाड्यात लाईट धरली आणि सुटलो. सहा वर्षांत मी तिच्या दारात गेलो नाही.”

काकूंनी त्यांच्या ताटात भाजी वाढली. माणूस खरं बोलत असेल तर मध्ये बोलू नये, एवढं त्यांना कळत होतं.

“आणि तू ते वाण काढलंस,” काका पुढे म्हणाले, “कारण तुला इथून जायचं नाही.”

“नाहीच जायचं,” काकू म्हणाल्या. “मला इथे मरायचंय. पण लगेच नाही.”

त्या शनिवारी काकांनी क्लबहाऊसमध्ये सगळ्यांना बोलावलं. भाषण करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी आधी गोदामाच्या कंपनीचं सांगून टाकलं. मग ते म्हणाले की प्रत्येक खांबावर मीटर लागेल. भाडं शंभर डॉलरने कमी होईल. ज्याची वीज त्याने भरायची, कंपनी आम्हाला लावते त्याच दराने, वर एक सेंट नाही. दर महिन्याला कांचन दारोदार येऊन आकडा वाचेल, आणि फर्नेस, नळ, पायऱ्या सगळं विचारून जाईल. कॅनडाचं एक जोडपं म्हणालं की आम्ही सगळं भाड्यात म्हणून आलो होतो, आणि पुढच्या आठवड्यात निघून गेलं. ते योग्यच होतं, त्यांना तसं सांगितलेलं होतं. काकांनी त्यांचे उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले. त्या सभेत शेवटी वेंडल उठला.

“मला एक विचारायचंय,” तो म्हणाला. “हे सहा वर्षांपूर्वी का नाही केलंत? मी तीन हीटर लावून झोपायचो आणि सकाळी तुमच्याकडे बघायला लाजायचो.”

काका चकित झाले. आपण देत होतो म्हणून लोक आपल्यावर खूश असतील, असं त्यांना वाटत होतं. लोक नजर चुकवत होते हे त्यांना नवीन होतं.

फेब्रुवारीत रीतसर परवानावाला इलेक्ट्रिशियन आला आणि मीटर बसले. वेंडल आणि इतर दोघातिघांनी लोरेटाच्या ट्रेलरखालच्या मोकळ्या जागेला पत्रे ठोकले, म्हणजे खालून वारा लागू नये. आकडे वाचायला एक सकाळ पुरेल असा काकांचा अंदाज होता. काकूंना दोन दिवस लागले, कारण प्रत्येक दारात कॉफी होती.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सावनी आली. पार्कच्या ऑफिसातल्या टेबलावर तिने गोदामाच्या कंपनीचे कागद ठेवले.

“आकडे आता ओके आहेत,” ती म्हणाली. “आय चेक्ड ट्वाइस. पण बाबा, तुम्ही सत्तरीला आलात. कधीतरी थांबायला लागेल ना? अशी ऑफर परत येणार नाही. थिंक अबाउट इट, प्लीज.”

काकांनी चष्मा लावून कागद उलटले. मुलगी बरोबर बोलत होती, आणि त्यांचे गुडघेही तिच्याच बाजूने होते. काकू कोपऱ्यात पावत्या फाडत होत्या. ‘बघू’ हा शब्द काकांच्या ओठांवर येताना त्यांना दिसला.

तेवढ्यात लोरेटा आत आली. हातात तिचं पहिलं लाईट बिल होतं, अडतीस डॉलरचं. तिने पर्स उघडली.

काकांचं मन विरघळलं. “राहू दे, लोरेटा,” ते म्हणाले. “तुझं मी बघतो.”

“नाही बघायचं,” काकू मराठीत म्हणाल्या, हळू पण ठाम. “पैसे घ्या तिचे. पैसे देणाऱ्या माणसाला तक्रार करता येते. तिला ती करू दे.”

काकांनी पैसे घेतले आणि काकूंनी पावती दिली. लोरेटाने ती दोनदा वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. मग खुर्ची ओढून ती काकांच्या समोर नीट टेकून बसली, सहा वर्षांत पहिल्यांदाच.

“आता मी काही सांगू शकते,” ती म्हणाली. “कपडे धुवायच्या खोलीतलं दुसरं मशीन थँक्सगिव्हिंगपासून माझी नाणी गिळतंय. ऑफिसमागचा दिवा रात्रभर फडफडतो, त्याचा उजेड माझ्या उशीवर पडतो. माझ्या नळाला धार नाही. आणि पायरीचा खिळा वर आलाय, त्यात माझा मोजा अडकतो. हे मी कोणाला सांगायचं?”

“मलाच,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “आणखी काही?”

“आणखी आहे. पण आधी मशीन दाखवते.”

काकांनी टेबलाखालून हत्यारांची पिशवी ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठले. लोरेटा पुढे निघाली होती, तरातरा, मागे न बघता.

“बाबा,” सावनी म्हणाली, “पेपर्सचं काय करायचं? दे आर वेटिंग.”

“नाही म्हणून कळव त्यांना,” काका दारातून म्हणाले. “मला आत्ता वेळ नाही गं. भाडेकरूची तक्रार आलीय.”